पुळणीवर गाडी का घालता?

काल संध्याकाळी आईला घेऊन रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या समुद्रावर गेले होते. आईचं गुडघ्याचं दुखणं जुनं आहे. डांबरी रस्त्यावर पन्नास पावलं चालली की ती कठडा शोधते, पण भाट्याच्या ओल्या, घट्ट वाळूवर चपला हातात घेऊन अर्धा-पाऊण तास आरामात चालते. त्यात काल अमावास्येची ओहोटी, पाणी पार लांब गेलेलं. सुरूच्या बनातून खाली उतरलो आणि पाण्याच्या कडेकडेने झरी विनायकाच्या देवळाच्या दिशेने चालायला लागलो.

तेवढ्यात मागून इंजिनाचा आवाज. वळून बघते तर एक पांढरी मोठी गाडी, काचा खाली, गाणी मोठ्याने लावलेली, दोन चाकं पाण्यात घालून फवारे उडवत आमच्याच दिशेने येतेय. आई गोंधळली. तिला ना समुद्राकडे सरकता येईना ना सुरूकडे. मी दंड धरून तिला ओढलं. गाडी आमच्यापासून चार हातांवरून गेली आणि आईचं लुगडं कमरेपासून खाली खाऱ्या पाण्याने आणि वाळूने भरलं. पुढे जाऊन गाडी थांबली, आतल्या मुलाने डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, माफी मागेल. तर म्हणतो, "मावशी, जरा बाजूने चाला ना!"

बाजूने? सत्तरी ओलांडलेल्या बाईने समुद्रावर बाजूने चालायचं, कारण मधून तुमची गाडी जाणार? माझं डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

मी रत्नागिरीची. पाहुणे आले आणि विचारलं की कुठला समुद्र बघू, तर मला सांगताना थांबवावं लागायचं. सूर्यास्ताला मांडवी. तिथली वाळू काळसर आहे म्हणून नाकं मुरडू नका, जेटीच्या टोकाला उभं राहिलं की उजवीकडे रत्नदुर्ग आणि डावीकडे भाट्याच्या खाडीतून बाहेर पडणाऱ्या राजिवड्याच्या होड्या दिसतात. मिऱ्याच्या बाजूला 'पांढरा समुद्र' म्हणतात तो किनारा. चालायला भाट्ये, सपाट आणि लांबच लांब. गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना आरे-वारे, वरच्या वळणावरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात तिथे प्रत्येक जण थांबतोच. आणि माणसांचा कंटाळा आला असेल तर पावसच्या पुढे गणेशगुळे, नाहीतर अजून खाली गावखडी. हे सगळं मी हौसेने सांगायचे. आता तोंडाशी आलेलं नाव गिळते. सांगितलं आणि त्यांनी तिथे गाडी खाली उतरवली तर?

गाडी रस्त्यावर लावायला काय होतं, हे मला खरंच कळत नाही. भाट्याला रस्त्यापासून वाळू अशी किती लांब आहे? सुरूतून दोन मिनिटं चालायचं. पण नाही, चाकं पाण्यात बुडलीच पाहिजेत, त्याचा व्हिडिओ निघालाच पाहिजे.

बरं, अडकले की आमचीच पोरं बोलवायची. मागच्या मे महिन्यात आरेला हेच झालं. बारा वाजता गाडी खाली उतरवली, तेव्हा वाळू कडक होती. जेवले, पोहले, चार वाजता बघतात तर पाणी चाकांना लागलेलं. त्या दिवशी षष्ठी होती. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पूर्ण भरती, मग चारला पाणी चाकाला लागणार नाही तर काय होणार? कुणाला एका शब्दाने विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

आणि "फोर व्हील ड्राइव्ह आहे, काही होत नाही" हे मला ऐकवू नका. लाटेत नुसते उभे राहून बघा. लाट मागे जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते, दोन-तीन लाटांत पाय घोट्यापर्यंत खचतो. टायरचं तेच होतं. थांबलेल्या गाडीच्या चाकाभोवतीची वाळू लाट खरवडून नेते, गाडी खाली बसते, मग घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरून स्वतःचा खड्डा खणतं. आरेला त्या गाडीचा बंपर वाळूला टेकला होता. आत मागच्या सीटवर लहान मुलगी रडत होती. वीसेक माणसं कमरेभर पाण्यात उतरली, दोरखंड आणले, ट्रॅक्टर आणला, अंधार पडेपर्यंत ओढत होते. पाण्यावर तेलाचा तवंग पसरलेला मी स्वतः बघितला. एका माणसाच्या हाताची सालं दोराने निघाली होती. आणि गाडीचा मालक बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलला? "इथे बोर्ड का नाही लावला?"

समुद्राला बोर्ड लागतो?

गावखडीचं तर बोलायलाच नको. तिथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले. रात्री मादी वर येते, कोरड्या वाळूत दीड फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करून परत जाते. पुढचे पन्नास-पंचावन्न दिवस ती अंडी त्या वाळूच्या भरवशावर असतात. गावातली माणसं पहाटे उठून मादीच्या पावलांचा माग काढत फिरतात, अंडी सुरक्षित जागी हलवतात. आणि त्याच वाळूवर रात्री कुणीतरी गाडी फिरवून जातं. माग मोडतो, घरटं सापडत नाही, वरून दोन टनांचं वजन जातं. पिल्लू केवढं असतं माहीत आहे? तळहातावर मावतं, पाठ जेमतेम दीड इंचाची. टायरने पाडलेली चाकोरी त्याच्यासाठी भिंत आहे. ते त्या चाकोरीत उतरतं आणि पाण्याकडे जायच्या ऐवजी तिच्यातूनच आडवं चालत राहतं. ऊन वर आलं, कावळे आले, की संपलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा सीआरझेड-१ मध्ये, म्हणजे किनारा नियमनाच्या सगळ्यात कडक वर्गात येतो. कायदे आहेत हो! पण संध्याकाळी सहा वाजता पुळणीवर कायदा बघायला कोण उभं असतं?

आणि हे फक्त बाहेरच्यांना सांगत नाहीये. आमच्याकडची पोरंही मोटारसायकली घालतात, मर्यादवेलीवरून फरफटत नेतात. त्या वेलीने वाळू धरून ठेवलीय, ती गेली की पावसाळ्यात किनारा खचतो आणि मग तेच लोक धूप होतेय म्हणून ओरडतात. त्यांच्या आईबापांनाही सांगून झालं. "पोरं आहेत, करणारच" हे उत्तर मला दोनदा मिळालंय.

जिथून गाड्या खाली उतरतात ती जागा प्रत्येक किनाऱ्यावर एक किंवा दोनच असते. सगळ्यांना ती माहीत आहे. तिथे हातभर अंतराने चार दगड रोवले तरी चाक आत जाणार नाही, माणूस जाईल, बैल जाईल, मासेवाल्याची जाळी खांद्यावरून जाईल. याला कुठला मोठा प्रकल्प लागतो? कुठला निधी लागतो? मी विचारलं तर म्हणे पर्यटक नाराज होतील. गाडी रस्त्यावर ठेवून दोन मिनिटं चालायला लागलं म्हणून जो नाराज होतो, त्याच्यासाठी माझ्या आईने समुद्र सोडायचा का?

आजही ओहोटी सहाच्या सुमाराला होती. साडेपाचला मी आईच्या चपला दारात ठेवल्या. ती म्हणाली, "नको गं आज, अंगणातच फेऱ्या मारते." आमचं अंगण लादीचं आहे, तुळशीपासून फाटकापर्यंत अठरा पावलं. तिसऱ्या फेरीला ती फाटकाला धरून उभी राहिली.