खुलासा: ‘५.६.१’ दिसलं म्हणजे बॅकडोअर आहेच असं नाही

एक मेसेज फिरतोय: डेबियनमध्ये (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) एक्सझेडच्या (फाइल दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) पॅकेजपुढे ५.६.१ दिसलं तर मशीन हॅक झालंय, एक्सझेड लगेच काढून टाका. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

मूळ एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे मशीनमध्ये चोरून शिरायचा छुपा मार्ग, होतं. अँड्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर डेव्हलपरने ते २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केलं. पण मेसेजमधल्या स्क्रीनशॉटवरचा आकडा पूर्ण वाचा: ५.६.१+रिअली५.४.५-१. म्हणजे आत कोड ५.४.५ चा, चांगला. मग नाव असं विचित्र का? पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारं साधन) अपडेट करताना आपणहून खालच्या आकड्यावर उतरत नाही. जुना कोड सगळ्यांपर्यंत पोचवायचा तर आकडा ५.६.१ च्या वरचाच लागतो. दिसायला ओबडधोबड, पण डेबियनची ही जुनीच रीत आहे.

डेबियनच्या स्टेबल, म्हणजे रोजच्या वापराच्या पक्क्या शाखेत तर बॅकडोअर असलेली आवृत्ती आलीच नव्हती. टेस्टिंग, अनस्टेबल आणि एक्सपेरिमेंटल या चाचणीच्या शाखांत आली होती. तिथे नुसतं ५.६.१-१ दिसत असेल तर मात्र आजच अपडेट करा. मूळ प्रकल्पाने मे २०२४ मध्ये काढलेली ५.६.२ स्वच्छ आहे.

आणि एक्सझेड काढू तर अजिबात नका. त्याच संचातल्या लायब्ररीवर डीपीकेजी, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज बसवणारं मूळ साधन, चालतं. ती गेली तर पुढचं पॅकेज बसवणंही अडेल.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका आणि तो फिरवणं थांबवा.