खुलासा : ‘लोड करून मग तपासलं की पिकल सुरक्षित’ हे खरं नाही

पायथनमध्ये लायब्ररी लिहिणाऱ्यांत एक सल्ला फिरतोय : ऑब्जेक्ट साठवायला सरळ पिकल (ऑब्जेक्ट फाइलीत साठवून पुन्हा उभारणारं पायथनचं स्वतःचं मॉड्यूल) वापरा, लोड झाल्यावर त्याचा टाइप तपासा, म्हणजे धोका उरत नाही. हे चुकीचं आहे.

पिकलच्या फाइलीत नुसता डेटा नसतो. ऑब्जेक्ट पुन्हा कसा उभारायचा याच्या सूचना असतात. ‘अमुक मॉड्यूलमधलं अमुक फंक्शन चालव’ असंही त्यात लिहिता येतं, अगदी ऑपरेटिंग सिस्टिमची कमांडसुद्धा. ती लोड होतानाच चालते. तुमची तपासणीची ओळ येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. खात्री नसलेला डेटा अनपिकल करू नका, अशी ताकीद पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच आहे. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीने तर २०२५ मध्ये २.६ आवृत्तीपासून मॉडेल लोड करताना ‘फक्त वेट्स’ (म्हणजे मॉडेलने शिकलेले आकडे) हाच डीफॉल्ट केला.

दुसऱ्या अडचणीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पिकल क्लासचा कोड साठवत नाही, फक्त त्याचं आणि मॉड्यूलचं नाव साठवतं. पुढच्या आवृत्तीत तुम्ही क्लास दुसरीकडे हलवला, की वापरकर्त्यांच्या जुन्या फाइली उघडेनाशा होतात. लायब्ररीसाठी माझ्या मते हेच जास्त जाचक.

मग जेसन, म्हणजे डेटा साध्या मजकुरात लिहिण्याचा फॉरमॅट? हो, पण डोळे मिटून नाही. टपल परत येताना लिस्ट होतो, डिक्शनरीतल्या पूर्णांकी कीज स्ट्रिंग होतात, तारखेचं रूपांतर स्वतः लिहावं लागतं. आणि फॉरमॅटच्या आवृत्तीचं फील्ड पहिल्या रिलीजपासूनच ठेवा.

एकाच प्रोग्रॅमच्या दोन प्रोसेसमध्ये ऑब्जेक्ट पाठवायला मात्र पिकल ठीक आहे; मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूल तेच वापरतं.