कोटिंगच्या खाली हिरवं झालंय, आता बोला

घरी बनवलेल्या व्हेप मॉडमधला (मॉड म्हणजे ई-सिगारेटचा बॅटरीवाला डबा) तिसरा बोर्ड गेला आज. आणि या वेळी मी कशातच कसूर ठेवली नव्हती म्हणून जास्त डोकं फिरलंय. बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुतला, वाळवला, कनफॉर्मल कोटिंगचे, म्हणजे बोर्डाला ओलीपासून झाकणाऱ्या पातळ थराचे, दोन हात मारले, यूव्ही टॉर्चखाली धरून कोपरा न् कोपरा बघितला, कुठे जागा सुटली नव्हती, सगळा निळा चमकत होता. तरी पाच आठवड्यांत मॉड मधेच कॉइल (लिक्विड तापवून वाफ करणारी तार) ओळखेना, मग आपोआप बंद पडायला लागला, मग एका सकाळी मेलाच. उघडून बघतो तर कोटिंग जसंच्या तसं, ओरखडासुद्धा नाही, आणि त्याच्या खाली, आउटपुटच्या पॅडपाशी, तांबं गंजून हिरवं. कोटिंगच्या खाली!

दोन तास भिंग लावून बसलो तेव्हा उलगडा झाला. लिक्विड वरून पडलंच नव्हतं, ते वायरमधून आलं होतं. ५१० कनेक्टरच्या (लिक्विडची टँक मॉडवर आट्यांनी बसते तो सांधा) मधल्या पिनला जी वायर सोल्डर करतो ना, ती म्हणजे बारीक तारांचा जुडगा आणि वर सिलिकॉनचं इन्सुलेशन. पिनपाशी गळलेलं लिक्विड त्या तारांच्या फटींत शिरतं आणि वातीत तेल चढावं तसं इन्सुलेशनच्या आतून सरकत जातं, बाहेरून वायर कोरडी ठणठणीत दिसते, आणि दुसऱ्या टोकाला ते बरोब्बर बोर्डावर जाऊन उतरतं. वायर मधे कापून टिश्यूवर दाबली तर तेलकट डाग उठला. म्हणजे मी एवढ्या निगुतीने लावलेल्या कोटिंगने काय केलं, तर आत आलेलं लिक्विड बाहेर जाऊ दिलं नाही. झाकण लावून मुरवत ठेवलं.

आणि ज्याला सांगावं तो एकच सांगतो, नीट वाळव, होईल चालू. अरे काय वाळव? ते पाणी नाहीये! पीजी म्हणजे लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशाला उकळतं, व्हीजी म्हणजे ग्लिसरीन २९० अंशाला. उन्हात ठेवा, हेअर ड्रायर मारा, आठवडाभर पंख्याखाली ठेवा, ग्लिसरीन तिथून हलत नाही. उलट दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात, म्हणजे जितका वेळ ठेवाल तितकं त्यात पाणीच वाढेल. त्या पाण्यात निकोटीन सॉल्ट आहे, सोल्डरिंगच्या फ्लक्सचा राहिलेला मळ आहे, सगळं मिळून वीज वाहायला लागते, आणि बॅटरी बोर्डाला चोवीस तास जोडलेलीच असते. तुम्ही झोपलेले असता तेव्हासुद्धा ते तांबं खात बसलेलं असतं. हे वाळवायचं नसतं, धुवायचं असतं. आधी बॅटरी काढायची, मग डिस्टिल्ड वॉटर, कारण पीजी व्हीजी दोन्ही पाण्यात मस्त विरघळतात, मग ९९ टक्केवालं आयपीए आणि ब्रश, आणि मग वाळवायचं. एवढी साधी गोष्ट कोणी सांगत नाही आणि वाळव वाळव करत बसतात.

मग येतात जुगाडवाले. नेलपॉलिश लाव म्हणे. ते कडक होतं, बोर्ड गरम थंड गरम थंड होत राहिला की त्याला केसासारख्या चिरा जातात, आणि चिरेत शिरायला पातळ पीजीला कितीसा वेळ लागतो. हॉट ग्लू म्हणे. हॉट ग्लू जरा गरम झाला की मऊ, आणि तेलकट जागेवर तो धरतच नाही, नखाने अख्खा निघतो. आणि ते सिलिकॉन सीलंट, व्हिनेगरसारखा वास येतो ते, ते तर कृपा करून कोणालाही सुचवू नका. तो वास ॲसेटिक ॲसिडचाच असतो, सुकताना ते बाहेर पडतं आणि तांब्यालाच लागतं. लिक्विडपासून वाचवायला म्हणून लावायचं आणि आपणच ॲसिड सोडायचं! इलेक्ट्रॉनिक्सला न्यूट्रल क्युअर लागतं, व्हिनेगरचा वास न येणारं, हे मला पहिला बोर्ड घालवून कळलं. इपॉक्सी ओता म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, मग उद्या बटण गेलं तर काय करू, छिन्नी घेऊन बसू?

पण बोर्ड मेला हा खरं तर सुदैवाचा प्रकार आहे. माझ्या दुसऱ्या मॉडचं जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. तो साधा मॉसफेटवाला होता (मॉसफेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, गेट हा त्याला चालू-बंद करणारा पाय), चिप नाही, स्क्रीन नाही. बटण दाबलं की गेटला बॅटरीचं व्होल्टेज मिळतं, सोडलं की पुलडाऊन रेझिस्टर गेट खाली खेचतो. मी सर्किटच्या नकाशात होता तसा १५ किलो ओहमचा लावला होता. लिक्विड बटणाच्या पायांमध्ये शिरलं. आता त्या दोन पायांमध्ये लिक्विडमुळे समजा १० किलो ओहमचा रस्ता तयार झाला, तर भरलेल्या बॅटरीच्या ४.२ व्होल्टपैकी अडीच व्होल्ट गेटला जाऊन बसतात, कोणी बटणाला हात न लावता. लॉजिक लेव्हलचा, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालणारा, मॉसफेट तेवढ्यावर अर्धवट चालू होतो, आणि अर्धवट चालू हे पूर्ण चालूपेक्षा वाईट, कारण मग कॉइलबरोबर मॉसफेट पण तापतो. माझा टेबलावर पडलेला होता, कॉइलमधल्या जळक्या कापसाचा वास आला म्हणून धावत गेलो, बॅटरी काढताना बोट भाजलं. खिशात असता तर? गादीवर असता तर? तिथे १ किलो ओहमचा रेझिस्टर असता तर त्याच गळतीत गेटला ०.४ व्होल्टसुद्धा मिळाले नसते, मॉसफेट ढिम्म हलला नसता. दाबल्यावर ४ मिलीअँपिअर जास्त जातात फक्त. अर्ध्या ओहमच्या कॉइलला आठ साडेआठ अँपिअर जाणार, तिथे ४ मिलीअँपिअर कोण मोजतंय! तरी सगळे नकाशे एकमेकांचे उतरवलेले, तोच १५ किलो, आणि गळतीचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. यावर मला खरंच बोलायचंय, हे माणसाला भाजू शकतं, बॅटरी लिथियमची आहे.

आणि गळणार हे तर धरूनच चालायचं ना? टँक गरम झाली की आतली हवा फुगते आणि लिक्विड एअरफ्लोच्या भोकातून बाहेर ढकलते. आडवी ठेवली, गळते. रात्रीची वाफ थंड होऊन खाली थेंब जमतो तो वेगळाच. स्क्वाँकवाला असेल तर बघायलाच नको, लिक्विडची बाटली आणि बोर्ड एकाच डब्यात शेजारी शेजारी. आणि हा सगळा पसारा कुठे उतरतो, तर ५१० च्या आट्यांमधून आणि पिनच्या इन्सुलेटरच्या कडेने थेट खाली. आणि तिथे खाली आपण काय ठेवतो? बोर्ड! जो नकाशा बघाल त्यात बोर्ड कनेक्टरच्या बरोब्बर खाली, वायर आखूड ठेवायची म्हणून. नळाखाली रेडिओ ठेवायचा आणि रेडिओला वॉटरप्रूफ रंग कुठला लावू विचारत बसायचं, हेच चाललंय.

कनेक्टर बनवणाऱ्यांवर तर माझा जास्त राग आहे. जाडजूड स्टील, चकचकीत पॉलिश, स्प्रिंगवाली पिन, सगळं देतात, आणि पिनच्या दांड्याला एक ओ-रिंग नाही. वर थेंब साचायला खाच नाही, बाहेर काढायला चर नाही. पाकिटावर मात्र लीकप्रूफ छापायचं. मी पाण्याचा एक थेंब वर ठेवून बघितला, दहा मिनिटांत खालून आला, आणि पीजी तर पाण्यापेक्षा जास्त चिवटपणे फटी शोधतं.

चौथा मॉड आता करतोय. बोर्ड बाजूच्या भिंतीला उभा, कनेक्टरच्या खाली नुसती रिकामी जागा, मधे आडवी पट्टी, तळाला भोक. गळलं तर गळू दे, दिसेल तरी. वायरचं सोललेलं टोक सोल्डरने आतपर्यंत भरून घेतलं, वर आतून गोंद असलेलं हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), आणि वायरला बोर्डाच्या आधी खाली एक झोळ दिला म्हणजे बाहेरून ओघळणारा थेंब तिथूनच खाली टपकेल. ओ-रिंग मीच बसवली, त्यासाठी पिन लेथवर कोरून आणावी लागली. कोटिंग लावणारच आहे, पण सगळ्यात शेवटी. आणि ती ओ-रिंगची खाच, जी कनेक्टर बनवतानाच मशीनवर निघाली असती, तिच्यासाठी माझा अख्खा रविवार गेला.