करंगळी दाबून हार्ट अटॅक थांबत नाही

‘रोज पाच मिनिटं तळहात-तळपाय दाबा, बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतील. पाच हजार वर्षांचं शास्त्र. हार्ट अटॅक आला तर करंगळी दाबा. साइड इफेक्ट शून्य.’ सोबत तळपायाचा रंगीत नकाशा. हा मजकूर तुमच्याकडेही आला असेलच. मी स्वतः ॲक्युप्रेशर वापरतो, म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी ते पाच हजार वर्षांचं. चिनी परंपरेतले दाबबिंदू जुने आहेत, मान्य. पण यकृत इथे, किडनी तिथे असं दाखवणारा तळपायाचा नकाशा त्यातला नाही. विल्यम फिट्झजेराल्ड या अमेरिकन कान-नाक-घसा डॉक्टरने शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून १९१७ मध्ये ‘झोन थेरपी’ मांडली आणि १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी ती तळपायांवर बसवली. म्हणजे वय जेमतेम शंभर.

‘बीपी उतरतं.’ उतरतं की! जिना चढून आल्याआल्या मोजलेलं बीपी पाच मिनिटं निवांत बसलं तरी उतरतं. म्हणूनच पट्टा बांधण्याआधी तेवढा वेळ शांत बसवतात. त्या पाच मिनिटांत तुम्ही तळहात दाबला की खिडकीबाहेर बघत बसलात, याने फारसं बिघडत नाही. ‘मला फरक पडला’ म्हणणारा खोटं बोलत नसतो, फक्त श्रेय अंगठ्याला देतो. गोळीला मात्र झोपेत, पहाटे, भांडण चालू असतानाही काम करायचं असतं.

शुगरचं थोडक्यात सांगतो: टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

हार्ट अटॅकमध्ये धमनीत गुठळी अडकलेली असते. करंगळी दाबून ती विरघळत नाही आणि पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच हृदयाचा स्नायू मरायला लागतो. करंगळी शोधण्यात गेलेली मिनिटं त्यातूनच वजा होतात.

आता ‘साइड इफेक्ट शून्य’. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला ॲक्युप्रेशरच्या काटेरी चपला घालून चालवा. जखम झाली तरी त्याला ती कळणार नाही, मोजा ओला झाल्यावर कळेल. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळली-दाबली तर सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जोरात दाबल्यावर काळेनिळे डाग उठतात.

मग मी काय वापरतो? मनगटाचा एक बिंदू. तळहाताच्या बाजूने मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजा. मूठ आवळून किंचित आत वळवली की दोरीसारखे दोन कंडरे वर येतात, त्यांच्या मधोमध. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग होतो, असं वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात आढळलं. त्यात ५९ चाचण्या होत्या, अर्थात सगळ्याच काही चोख नव्हत्या. वळणावळणाच्या रस्त्यावर मी तोच दाबत बसतो. बहुतेकदा भागतं. नाही भागलं तर पिशवी जवळ असते.