‘ताई, कॉमिक्स वाचा आधी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

सुपरहिरो चित्रपटांच्या ठरलेल्या साच्यावर, म्हणजे शेवटी नायकासमोर त्याच्यासारखाच खलनायक उभा करण्यावर, मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. सूत्र प्रत्येक कथेत असतं, हे चित्रपट जगभर चालतात, ‘ब्लॅक पँथर’मधला खलनायक किलमाँगर मी विचारात घेतला नाही, आणि सरतेशेवटी, ‘ताई, ज्यांनी आयुष्यात कॉमिक हातात धरलं नाही त्यांनी यावर लिहू नये.’

किलमाँगरचं मान्य. त्याच्या रागाला कारण आहे आणि ते नायकालाही खोडून काढता येत नाही.

पण ते शेवटचं वाक्य? ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच दमात अक्कल काढायची, ही कुठली रीत? तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या गावच्या वाचनालयात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक यायचे. वेताळ (फँटम) आणि जादूगार मँड्रेकपायी मी घरात मार खाल्लाय, गणिताच्या पुस्तकात अंक लपवून वाचताना सापडले म्हणून. नोकरी लागल्यावर मुंबईत फोर्टच्या फुटपाथवरून स्पायडरमॅनचे जुने अंक शोधून शोधून घेतले. ते आजही माझ्या कपाटात आहेत. तेव्हा हातात काय धरलं आणि काय नाही, हे मला शिकवू नका.

आणि वाचलंय म्हणूनच चीड येते. 1973 च्या अंकात स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली. स्पायडरमॅनचं जाळं तिच्यापर्यंत पोचलं, तिला पकडलं, तरी ती मेली. स्वस्त कागदावर छापलेल्या, मुलांसाठीच्या मासिकात नायकाला असं हरवायची हिंमत होती! आता पडद्यावर बघा. ‘आयर्न मॅन’च्या (2008) शेवटी नायक टोनी स्टार्कसमोर त्याच्यासारखंच, फक्त आकारानं मोठं चिलखत घातलेला ओबडाया स्टेन. त्याच वर्षी हल्कसमोर दुसरा राक्षस. 2015 मध्ये अँट-मॅनसमोर तसाच लहान होणारा यलोजॅकेट. आणि तुमचा किलमाँगर? इतका जिवंत माणूस, पण शेवटच्या मारामारीत तोही नायकासारखाच सूट चढवून उभा. त्याचा प्रश्न बाजूलाच राहतो आणि दोन काळे पोशाख रुळांवर झटापट करतात. मला याचंच दुःख आहे.

असं का होतं, तेही सांगते. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्टेल यांनी 2018 मध्ये सांगितलं होतं की ‘ब्लॅक विडो’ या सुपरहिरो चित्रपटासाठी त्यांच्याशी बोलणी झाली तेव्हा ‘मारामारीच्या प्रसंगांची काळजी करू नका, ते आम्ही बघू’ असं त्यांना सांगण्यात आलं. म्हणजे दिग्दर्शिकेनं माणसांची नाती सांभाळायची आणि मारामारी दुसऱ्या कुणीतरी रचायची. पण नायकाचा कस तर त्या मारामारीतच लागतो! दिग्दर्शक बदलूनही शेवट सारखेच का वाटतात, याचं मोठं कारण मला इथे दिसतं.

‘सूत्र प्रत्येक कथेत असतं’ यावर वेगळं काय बोलायचं? असतंच. गल्ल्याचे आकडे मला पाठवू नका, मी गल्ल्यावर लिहिलंच नव्हतं.

पुन्हा लिहाल तर अँट-मॅनचा शेवट तुम्हाला का पटतो ते लिहा, मी मनापासून वाचेन. माझ्या वाचनाची चौकशी मात्र पुरे.