एक पूल, पाच निवडणुका

राजकारणात यायचं ठरवलंय ना? मग आधी गावात एक पूल बघून ठेवा. म्हणजे नसलेला पूल. ओढा हवा, पावसाळ्यात शाळेची पोरं अलीकडेच अडकून पडायला हवीत, आणि पलीकडच्या वस्तीत बऱ्यापैकी मतं हवीत. एवढ्या भांडवलावर माणूस दिल्लीपर्यंत जातो.

एकविशी पूर्ण झाली की ग्रामपंचायत लढवता येते. पूल बांधतो म्हणून निवडून या आणि आल्यावर सांगा, "अहो, ग्रामीण मार्ग झेडपीकडे असतात. आमच्या हातात काय?" हे खरंच आहे, म्हणून तर कुणाला खोडता येत नाही.

इथे एक पथ्य मात्र पाळा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर सरपंचकी, झेडपी विसरा. आमदार-खासदारांना ही अट नाही. लोकसंख्येचा भार फक्त गावपातळीवर पडत असावा. तेव्हा पाळणा हलणार असेल तर थेट विधानसभेवर उडी मारा, वय २५ झालं की पुरे. आणि सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं तर बिचकू नका, घरात सूनबाई आहेतच. सही त्यांची, खुर्ची तुमची.

झेडपीत गेलात की वाक्य बदलायचं. "रस्ता आपलाच हो, पण निधी शासनाकडून येतो." तोवर भूमिपूजन उरकून घ्या. कोनशिलेसाठी काळा ग्रॅनाइट घ्या आणि तो दोन्ही बाजूंनी पॉलिश करून घ्या, ही काटकसर पुढे कामाला येते. आमच्याकडे ओढ्याकाठी असा एक दगड उभा आहे. पुढच्या अंगाला 'मा. आमदार', मागच्या अंगाला तेच नाव 'मा. जि. प. सदस्य' म्हणून. मागच्या बाजूला पक्षाचं नाव होतं तेवढं सिमेंटनं बुजवलंय. खाली नारळाच्या करवंट्यांचा थर आहे, त्यावरून पावसाळ्यात पाय न भिजवता दोन पावलं जाता येतं. पूल झाला तो तेवढाच.

आमदार झालात की पूल नाही, रस्ता वर चढवा. ग्रामीण मार्गाचा इतर जिल्हा मार्ग, त्याचा प्रमुख जिल्हा मार्ग. याला दर्जोन्नती म्हणतात आणि त्याचा जीआर निघतो. रस्ता झेडपीकडून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो, फाइल नव्याने उघडते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर. जीआरचा फ्लेक्स लावायला विसरू नका.

मध्येच पक्ष बदलावासा वाटला तर एकटे जाऊ नका. पक्षांतरबंदी कायद्यातली एक तृतीयांश फुटीची सवलत २००३ साली गेली, आता दोन तृतीयांश आमदार बरोबर घेऊन 'विलीन' व्हावं लागतं. अपात्रतेचा निकाल विधानसभेचे अध्यक्ष देतात. सावकाश देतात.

विधानसभेला पडलात तर विधान परिषद आहे. ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात. मतदार मोजके, तोंडओळखीचे, सहलीला नेण्याजोगे. (२०२२ पासून कित्येक ठिकाणी या संस्थांच्या निवडणुकाच रखडल्या, सदस्यांच्या जागी प्रशासक बसले. सहलीवाल्यांचे हाल कुणी विचारले नाहीत.)

भाषणात शिडीचे दाखले द्या. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मुख्यमंत्री झाले. मनोहर जोशी नगरसेवक, महापौर, मुख्यमंत्री, मग लोकसभेचे अध्यक्ष. त्यांनी वर जाऊन काय केलं त्यात शिरू नका, तुलना सुरू होते. "मीही तळातूनच आलोय" म्हणा आणि थांबा.

आमदार असताना लोकसभा जिंकलात तर १४ दिवसांत आमदारकी सोडावी लागते, नाहीतर खासदारकी जाते. सोडा बिनधास्त. पोटनिवडणुकीला चिरंजीव तयारच असतात, आणि पुलाचा प्रश्न त्यांना आयता मिळतो.

दिल्लीत एक दिवस टपालात ओढ्यापलीकडच्या वस्तीचं निवेदन येईल. सोबत जुन्या ठरावाची झेरॉक्स असेल, खाली सरपंच म्हणून तुमचीच सही. दचकू नका. पीएला सांगून 'उचित कार्यवाहीसाठी' शिक्का मारा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडा. तिथून ते झेडपीत, झेडपीतून गटविकास अधिकाऱ्यांकडे, आणि दोन-तीन महिन्यांत ग्रामपंचायतीत सूनबाईंच्या टेबलावर. ग्रामसेवक ते उलटसुलट बघून म्हणेल, "ठराव जुना आहे वहिनी, नवीन घ्यावा लागेल."