खांदा रात्रीतून धरला म्हणजे नस चढली, असं नसतं

आमच्या गुहागरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. खांदा अचानक धरला, हात वर जाईना, तर मानेची नस चढलीय, एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसेलच, चोळून नस बसवा, नसांची टेस्ट नॉर्मल आली तर काही झालेलंच नाही, आणि नसांचे आजार लाखात एखाद्याला होतात. माझ्या मामाला निघाली हाताच्या नसांची सूज, पण त्याचे चार महिने ह्याच समजुतीत फुकट गेले म्हणून लिहितोय.

गादी बऱ्याचदा दिसते, हे बरोबर, पण पन्नाशीच्या पुढे काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही ती दिसते. मामाला दिसली आणि पुढचा शोधच थांबला. खरं तर त्याने सगळं सांगितलं होतं, ताप येऊन गेला, मग आठवड्याभराने पहाटे तीनला खांद्यात अशी कळ की गोळीनेही झोप नाही, मान फिरवून दुखणं वाढत नव्हतं, आणि पंधरा दिवसांनी कळ उतरली तेव्हा हातातला जोर गेलेला, आंब्याचा झेला उचलेना. आधी असह्य कळ, मग ताकद जाणं, हा क्रमच निदानाची किल्ली आहे. पार्सोनेज आणि टर्नर या दोन डॉक्टरांनी १९४८ मध्ये असे १३६ पेशंट नोंदवले, आजाराला त्यांचंच नाव आहे. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला सूज येते, बऱ्याचदा इन्फेक्शन, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर. मामाच्या पाठीवरचं खांद्याचं पसरट हाड पंखासारखं बाहेर आलं होतं, मामीला ते शर्टावरूनही दिसत होतं.

फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडलाय, असंही काही जण म्हणाले. त्यात दुसऱ्याने धरून उचलला तरी हात अडतो, मामाचा मी उचलला की सरळ वर जायचा, त्याचा त्याला उचलत नव्हता.

चोळण्याबद्दल काय बोलू, सुजलेली नस चोळून बसत नाही, मामाचं दुखणं उलट वाढलं.

टेस्टचं मात्र नीट वाचा. नस खराब झाल्यावर स्नायूत सुई घालून केलेल्या ईएमजीत ते साधारण तीन आठवड्यांनी दिसायला लागतं. मामाची केली आठव्या दिवशी, नॉर्मल, म्हणून घरी पाठवलं. कोल्हापुरात न्यूरॉलॉजिस्टने परत केली तेव्हा स्पष्ट आलं.

आणि लाखात एखादा? आधी वर्षाला लाखात दोन-तीन असंच धरायचे, पण नेदरलँड्समध्ये डॉक्टरांना हा आजार ओळखायला शिकवून मोजलं तर हजारात एक निघाला. नस भरायला महिने, कधी दोन-तीन वर्षं लागतात, मामा रोज व्यायाम करतोय, बटण आता स्वतः लावतो.